हॉस्पिटलचा हिशेब शिकताना

(छत्रपती संभाजीनगर इथं झालेल्या स्त्री-संघटनांच्या कार्यकर्ता शिबिरातलं भाषण. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)



मला विषय दिला होता ‘स्त्रिया आणि आरोग्यव्यवस्था’. या विषयावर आपण सगळ्याच वीस-पंचवीस वर्षं बोलतो आहोत. म्हणून मी आज फक्त सहा महिन्यांबद्दल बोलणार आहे. वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी मी हॉस्पिटल ॲडमिनिस्ट्रेशनच्या पदव्युत्तर वर्गात नाव घातलं. दोन वर्षं, चार सत्रं. पहिलं सत्र संपलंय. फी भरायला पाटल्या मोडल्या, घरात बोलणी खाल्ली, तेही असो. त्या सहा महिन्यांत काय शिकवतात आणि त्यातलं आपल्या कामाला काय येतं, तेवढं सांगते.

आधी मी तिथं का गेले ते. चौदा वर्षं सल्ला केंद्रात बसले. मारहाण, पोटगी, टाकून दिलेल्या बायका. एका ऑक्टोबरात गेवराईकडची एक बाई पोटगीच्या केससाठी आली. वय तिच्या सांगण्याप्रमाणे एकतीस. दोन मुलं, ऊसतोडीला जाणारी, नवऱ्यानं दुसरी आणलेली. बोलता बोलता म्हणाली, “पिशवी काढलीय ना ताई, तवापासून अंगात जोरच न्हाई. म्हणून तर त्यानं सोडलं.” तिनं प्लास्टिकच्या पिशवीतून कागद काढून टेबलावर पसरले. बिल, सोनोग्राफी, डिस्चार्ज कार्ड. ऑपरेशनला चौदा महिने झाले होते.

मी एफआयआर वाचू शकते. दोषारोपपत्र वाचू शकते. पंचनाम्यात पोलिसांनी काय गाळलंय तेही सांगू शकते. ते डिस्चार्ज कार्ड मला वाचता येईना. मी कागद नीट घड्या घालून तिला परत दिले आणि पोटगीचा अर्ज लिहायला घेतला. ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी परत येऊ तिच्याकडे.

वर्गात आम्ही चाळीस जण. बहुतेक बीडीएस, बीएएमएस, फिजिओथेरपी, नर्सिंग केलेली बावीस-चोवीस वर्षांची मुलं. निम्म्याहून जास्त मुली. मी एकटी समाजशास्त्राची बी.ए. पहिला आठवडा मला सगळे मॅडम म्हणत, नंतर ताई झाले. विषय असे होते: आरोग्यव्यवस्था आणि धोरण, साथरोगशास्त्र व संख्याशास्त्र, व्यवस्थापनाची तत्त्वं, संघटनात्मक वर्तन, हिशेबशास्त्र, कायदा, आणि वैद्यकीय परिभाषा. शेवटच्याचं काही विशेष नाही, पाठांतर आहे. पण ते पाठांतर केल्यावर डॉक्टरी अक्षरातली निम्मी भीती जाते, हेही खरं.

आरोग्यव्यवस्थेच्या पेपरात भोर समिती येते. १९४६ चा अहवाल. दर दहा ते वीस हजार लोकवस्तीला पंचाहत्तर खाटांचं रुग्णालय हवं, असं त्या अहवालात दूरच्या पल्ल्याचं स्वप्न म्हणून मांडलं होतं. तोवर दर चाळीस हजारांना एक प्राथमिक आरोग्य केंद्र. आज सपाट प्रदेशात तीस हजारांना एक प्राथमिक केंद्र आणि पाच हजारांना उपकेंद्र असा निकष आहे. पंचाहत्तर खाटा कुठं गेल्या, हे मुलं विचारत नाहीत, कारण प्रश्न येतो ‘शिफारशी लिहा’ असा. मी विचारलं तर सर हसले आणि म्हणाले, तो दुसऱ्या सत्रातला अर्थसंकल्प. जामखेडचा उल्लेख एका ओळीत होता. १९७० साली डॉ. मेबल आणि डॉ. रजनीकांत आरोळे यांनी तिथं खेड्यातल्या बायकांना, त्यातही दलित आणि निरक्षर बायकांना, आरोग्याचं काम शिकवलं. आपल्यापासून चार तासांवर आहे जामखेड. वर्गातली अर्धी मुलं मराठवाड्यातली, पण तिथं कुणी गेलेलं नव्हतं.

आता संख्याशास्त्र. या पेपरची मला सर्वांत धास्ती होती आणि सर्वांत जास्त मी त्यातच शिकले. आमच्या बाईंनी पहिल्या दिवशी फळ्यावर एक आडवी रेघ मारली. वर लिहिलं ‘किती जणींना झालं’, खाली लिहिलं ‘किती जणींपैकी’. म्हणाल्या, वरचा आकडा पेपरवाले छापतात, खालचा तुम्ही शोधायचा.

बीडचंच घ्या. ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढण्याचा प्रश्न २०१९ साली देशभर गाजला. शासनानं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. भागाकार करा. शंभरात जवळजवळ सतरा. सहा बायका एका ट्रॅक्टरवर बसल्या तर त्यातली एक. देशभरचा आकडा २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या बायकांत ३.२ टक्के होता.

मी टाळ्या मिळतील अशा आवाजात हे वर्गात सांगितलं. बाई म्हणाल्या, थांब. दोन्हींच्या खालचा आकडा सारखा आहे का? राष्ट्रीय पाहणीत पंधरा-सोळा वर्षांच्या पोरीही मोजल्यात, त्यांची पिशवी कोण काढेल? ऊसतोडीच्या पाहणीत वयाचं वाटप काय होतं? ते जुळवल्याशिवाय ‘पाचपट’ म्हणू नकोस. मला राग आला. आपण वर्षानुवर्षं ओरडतो, आणि ही बाई वयाचं वाटप विचारते! घरी येऊन विचार केला तेव्हा पटलं. हाच प्रश्न उद्या समोरच्या बाजूचा वकील विचारणार आहे, किंवा एखादा अधिकारी. वय जुळवूनही फरक मोठाच राहील याबद्दल मला शंका नाही. पण ‘पाचपट’ हा शब्द मी आता भाषणात वापरत नाही. तुम्हीही वापरू नका. शंभरात सतरा, तेवढं पुरे आहे.

त्याच रेघेचा उलटा उपयोग सांगते. महाराष्ट्राचं मातामृत्यूचं प्रमाण २०१८-२० च्या नमुना नोंदणीप्रमाणे लाख जिवंत जन्मांमागे ३३. देशाचं ९७. आपलं राज्य चांगलं, आनंद आहे. पण ‘मातामृत्यू’ कशाला म्हणायचं याची व्याख्या वहीत उतरवून घेताना माझा हात थांबला. गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतर बेचाळीस दिवसांत झालेला मृत्यू, पण अपघाती किंवा योगायोगाची कारणं वगळून. सातव्या महिन्यात ‘स्टोव्हचा भडका उडून’ गेलेल्या पोरी आपण किती पाहिल्यात? त्या अपघातात गेल्या. या रेघेच्या वर त्या नाहीत. त्यांची दुसरी वही आहे, पोलीस स्टेशनात, आणि तिथंही अपघातच लिहिलेला असतो. हे मी बोलले तेव्हा वर्ग गप्प झाला. बाई म्हणाल्या, हे तू प्रबंधाला घे.

व्यवस्थापन आणि संघटनात्मक वर्तन यावर फार वेळ घेत नाही. मास्लोचा त्रिकोण, क्ष सिद्धांत, य सिद्धांत. एक मात्र सांगते. रुग्णालयाचा पदरचनेचा तक्ता काढायला दिला होता. वर अधिष्ठाता, खाली विभाग, मेट्रन, सिस्टर. मुलांनी सुंदर चौकोन काढले. झाडूवाल्या मावश्या कुणाच्याच तक्त्यात नव्हत्या, कारण त्या ठेकेदाराच्या. आशा नव्हती, कारण ती ‘स्वयंसेविका’, मानधनावरची. २०२१, २०२३ आणि २०२४ मध्ये महाराष्ट्रातल्या आशा संपावर गेल्या तेव्हा गावोगावचं काम अडलं, आणि तक्त्यात तिला चौकोन नाही. मी तुटक रेघेचा चौकोन काढून दोघींना बसवलं. एक मार्क कापला गेला. तक्ता नीटनेटका नाही म्हणून!

औषधं आणि साहित्याच्या धड्यात वस्तूंचे तीन गट पाडतात. ज्याच्याविना जीव जाईल ते, ज्याच्याविना काम अडेल ते, आणि असलं तर बरं ते. गटचर्चेत प्रसूती वॉर्डाची यादी आली. बाळंतिणीचे पॅड कुठं टाकायचे? मुलग्यांनी पटकन ‘असलं तर बरं’ मध्ये टाकले. सिस्टर झालेली एक मुलगी उठली आणि म्हणाली, रात्री दोन वाजता वॉर्डात ये, मग सांग. पॅड दुसऱ्या गटात गेले. एवढ्यानं काही क्रांती होत नाही, पण खरेदीच्या यादीत कोण बसलंय याला अर्थ आहे, हे त्या दिवशी कळलं.

ओपीडीत बसून रुग्णाचा वेळ मोजण्याचं कामही पहिल्याच सत्रात होतं. या जिल्ह्याबाहेरच्या एका रुग्णालयात मी चार दिवस घड्याळ घेऊन बसले. छापील तक्त्यात रकाने असे: केसपेपरला किती वेळ, डॉक्टरला, तपासणीला, औषधाला. माझ्यासमोरची बाई पहाटे पाचच्या एस.टी.नं निघाली होती. डॉक्टरांपाशी पोचली साडेअकराला, रक्त घेण्याची खिडकी बंद झाली होती, उद्या या म्हणाले. तक्त्याप्रमाणे तिचा वेळ तीन तास वीस मिनिटं. मी दोन रकाने हातानं आखले: घरातून निघाल्याची वेळ, बुडालेली मजुरी. सर म्हणाले, हे हॉस्पिटलच्या हातात नाही. मी म्हटलं, खिडकीची वेळ तर आहे ना हातात? त्यांनी ते रकाने राहू दिले. त्या सरांबद्दल मला आदर आहे, ऐकून घेतात.

आता हिशेबशास्त्र. इथं जरा थांबायला हवं.

एक गणित करूया, आकडे समजायला धरलेत. एका खासगी डॉक्टरनं कर्ज काढून ऑपरेशन थिएटर बांधलं. हप्ता, पगार, वीज, भाडं मिळून महिन्याचा ठरलेला खर्च तीन लाख. ऑपरेशन करा न करा, तो लागणारच. एका ऑपरेशनचे घेतो तीस हजार, त्यातले औषध, भूल, धागा यांत दहा हजार जातात. उरले वीस हजार. तीन लाख भागिले वीस हजार, पंधरा. महिन्याला पंधरा ऑपरेशनं झाली की ना नफा ना तोटा. याला ते समतोल बिंदू म्हणतात. आता गावातला जो पेशंट पाठवतो त्याला पाच हजार कट द्यावा लागतो असं धरा. उरले पंधरा हजार. तीन लाख भागिले पंधरा हजार, वीस.

म्हणजे कट आला की महिन्याला पाच ऑपरेशनं जास्त लागतात, नुसतं जागेवर उभं राहायला. सरांनी गणित सोडवून फळा पुसला. मी तिथंच अडकले होते. त्या वरच्या पाच बायका कोण?

सगळे डॉक्टर असे नसतात. आपल्या शिबिरात फुकट येऊन तपासणाऱ्या डॉक्टरणी इथंच बसल्यात. आणि ज्या बाईच्या पिशवीला खरंच मोठी गाठ आहे, तिचं ऑपरेशन व्हायलाच हवं. पण दुसऱ्या बाजूला ऊसतोडीच्या बाईचं गणित बघा. नवराबायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली. एक दिवस पाळीच्या दुखण्यानं घरी बसली की खाडा, आणि खाड्याचा दंड. फडात पाणी नाही, आडोसा नाही, पांढरं जातंय, कंबर दुखतेय. तालुक्याला सरकारी दवाखान्यात बाईमाणूस डॉक्टर भेटेल याची खात्री नाही. खासगीत सांगतात, कॅन्सर होईल, काढून टाक. दर महिन्याचा खाडा मिटेल असं तिलाही वाटतं. पुढच्या उचलीवर ऑपरेशन होतं. थिएटरचा समतोल बिंदू आणि मुकादमाची उचल एकाच बाईच्या पोटात येऊन भेटतात. मी इतकी वर्षं फक्त पुरुषप्रधानता म्हणत होते. ती आहेच, पण तिला हिशेबाची वही पण आहे.

२०१९ नंतर बीडमध्ये अशा ऑपरेशनला जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी सक्तीची केली गेली. एप्रिल २०२३ मध्ये डॉ. नरेंद्र गुप्ता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं सगळ्या राज्यांना केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं तीन महिन्यांत लागू करायला सांगितली. त्यात जिल्हा पातळीवर देखरेख समित्या आहेत. आपल्या जिल्ह्याच्या समितीवर कोण आहे, ती कधी बसली, हे माहिती अधिकारात विचारण्याचा अर्ज मी लिहून आणलाय. नमुना पाठीमागच्या टेबलावर आहे.

हिशेबाचंच आणखी एक. धर्मादाय रुग्णालयांना सवलती मिळतात, त्याच्या बदल्यात मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या योजनेप्रमाणे दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्याव्या लागतात. इतर रुग्णांच्या एकूण बिलाच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत वेगळी ठेवावी लागते. आपण खाटा मागतो, ‘खाट शिल्लक नाही’ म्हणतात, आपण परत येतो. खाटेचं भांडण तिथल्या तिथं जिंकणं अवघड. निधी मात्र कागदावर असतो. किती जमा झाला, किती खर्च झाला, वर्षअखेर किती उरला, हे विचारा. निधी पडून आणि बाई दारातून परत, हे दोन कागद शेजारी ठेवले की धर्मादाय आयुक्तांकडे तक्रार उभी राहते.

कायद्याच्या पेपरात आम्हाला वेगवेगळ्या दवाखान्यांचे संमतीपत्राचे नमुने आणायला सांगितले होते. जवळजवळ प्रत्येकावर ‘पती / नातेवाईक यांची सही’ ही ओळ. काहींवर बाईच्या सहीला जागाच नाही! वर्गातल्या डॉक्टर मुलांना वाटत होतं की नवऱ्याची सही कायद्यानं लागते. गर्भपाताच्या १९७१ च्या कायद्यात पहिल्यापासून सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते. २०२१ च्या दुरुस्तीनं ‘नवरा’ या शब्दाच्या जागी ‘जोडीदार’ आला, आणि सप्टेंबर २०२२ च्या निकालानं अविवाहित बाईलाही चोवीस आठवड्यांच्या तरतुदीत आणलं.

पण मला हादरवलं ते समीरा कोहली खटल्यानं. १९९५ ची घटना, दिल्लीची. चव्वेचाळीस वर्षांची अविवाहित बाई दुर्बिणीनं तपासणी करायला टेबलावर गेली. ती भुलेत असताना बाहेर बसलेल्या आईची सही घेतली आणि गर्भाशय, बीजकोश सगळं काढलं. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २००८ मध्ये सांगितलं की शुद्धीवर आल्यावर विचारता आलं असतं, जिवाला तातडीचा धोका नव्हता, तेव्हा आईची संमती ही संमतीच नव्हे. तपासणीला दिलेली संमती म्हणजे काढून टाकायला दिलेली संमती नव्हे. भरपाई मिळाली पंचवीस हजार रुपये, आणि डॉक्टरांची फी नाकारली. तेरा वर्षांनी पंचवीस हजार. भरपाईवर मी बोलत नाही. पण हा निकाल छापून प्रत्येक केंद्रात ठेवा.

आता त्या बाईकडे येते. सप्टेंबरअखेर आम्हाला रुग्णनोंदींचा धडा झाला. डिस्चार्ज कार्डावर काय काय असायला हवं, ते एकेक करून शिकवलं. शरीरातून काढलेला भाग हिस्टोपॅथॉलॉजीला, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली तपासायला पाठवायचा असतो, आणि त्याचा अहवाल फाईलला लावायचा असतो. चांगल्या रुग्णालयात याची नियमित छाननी होते: काढलेल्यांपैकी किती पिशव्या निरोगी निघाल्या? त्या रात्री मी तिला फोन लावला, भावाच्या फोनवर कागदांचे फोटो मागवले. सोनोग्राफीत गर्भाशयाचा आकार नेहमीसारखा. गाठ नाही. निदान एका शब्दाचं. हिस्टोपॅथॉलॉजीचा कागदच नाही. संमतीवर नवऱ्याचा अंगठा. अर्ध्या तासात वाचून झालं.

ग्राहक आयोगात तक्रार करायची मुदत दोन वर्षांची. तिचं ऑपरेशन ऑगस्टच्या मध्यातलं. मुदत टळून दीड महिना झाला होता. ती माझ्यासमोर कागद पसरून बसली होती तेव्हा दहा महिने हातात होते. मी घड्या घालून परत दिले.

कुणी म्हणाल, ताई, तुला काय माहीत असणार. मीही स्वतःला तेच सांगितलं. पण चौदा वर्षांत किती पिशव्या माझ्या टेबलावर आल्या असतील आणि मी पोटगीचा अर्ज लिहिला असेल?

उशीर माफ करण्याचा अर्ज करता येतो, कारण पुरेसं असेल तर आयोग घेतं. तो मसुदा तयार आहे. दवाखान्याकडे नोंदींची प्रत मागणारं पत्रही. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे नोंदी तीन वर्षं ठेवाव्या लागतात आणि मागितल्यावर बहात्तर तासांत द्याव्या लागतात. तीन वर्षं व्हायला अजून सहा महिने आहेत. तिची सही राहिली आहे. ती भावाच्या टोळीत अर्धा कोयता म्हणून कारखान्यावर गेलीय, पिशवी काढलेली असतानाच. येत्या रविवारी मी जाणार आहे तिथं. कुणाला यायचं असेल तर सांगा, जीपमध्ये दोन जागा आहेत.

जेवणानंतर आपण तुम्ही आणलेली डिस्चार्ज कार्डं उघडू. नावावर कागदाची पट्टी चिकटवा, कुणाचं नाव दिसायला नको. ज्यांनी बिलं आणलीत त्यांनी एका बाजूला बसा, ज्यांनी संमतीपत्रं आणलीत त्यांनी दुसऱ्या. भिंग एकच आहे, फिरवून घेऊ.